तीन टिंबांखालची नावं

1990च्या सुमाराला वर्ध्याच्या बजाज चौकाजवळ एक चिंचोळं दुकान होतं. बाहेर पाटी होती, 'कॅसेट भरून मिळेल'. घरून वहीच्या कागदावर गाण्यांची यादी करून न्यायची, साठ मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची आणि दोन दिवसांनी यायचं. एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे पाच-पाच मिनिटांची सहा गाणी. दुकानदार यादीवरून पेन्सिल फिरवायचा आणि मान न उचलता सांगायचा, "हे शेवटचं सात मिनिटांचं आहे जी, बाजू संपता संपता तुटते. याच्या जागी दुसरं देतो, त्याच संगीतकाराचं. नाही आवडलं तं पुसून देईन."

कायद्याने पाहिलं तर हा धंदा चोरीचाच होता, त्याचं कौतुक करायचं कारण नाही. पण 'त्याच संगीतकाराचं' हे दोन शब्द मी तिथे शिकलो. आपल्याला आवडेल असं नवीन गाणं शोधायची तेवढी एकच रीत मला आजवर खात्रीने लागू पडलेली आहे.

नंतर कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. मग आर्वी नाक्यापासून हिंगणघाट-पुलगावच्या बसस्टँडपर्यंत प्रत्येक मोबाइल रिचार्जच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. तिथे यादी कोणी विचारत नव्हतं. 'जुने', 'नवे', 'भजन', 'भीमगीते', 'डीजे' अशी फोल्डरं असायची, ती अख्खीच्या अख्खी कार्डात ओतली जायची. गाण्यांची नावं 'ट्रॅक 07' अशी. सप्टेंबर 2016मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि तीही दुकानं स्क्रीनगार्ड विकू लागली. आता फोनमध्ये कोट्यवधी गाणी आहेत. आणि तरीही परवा शेजारच्या काकू फोन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाहा न भाऊ, काल बी हेच न् आज बी हेच. याच्याजवळ दुसरं गाणंच नाही का?"

काकूंना 'शुक्रतारा' आवडतं. फोनने त्यांना ते वाजवलं, मग अरुण दातेंची आणखी चार गाणी वाजवली, मग 'सदाबहार मराठी' नावाची एक लांबलचक माळ लावून दिली आणि तिथेच गोल गोल फिरत राहिला. यात काकूंचा दोष नाही, आणि फोनचाही फारसा नाही. दोघांमध्ये एक गैरसमज आहे, तो समजून घेतला की वाट सापडते.

फोनला गाण्यातलं काय कळतं, ते आधी पाहू. गाण्यांच्या ॲपमधली शिफारस मुख्यतः शेजाऱ्यांवर चालते. एक अवाढव्य तक्ता कल्पा. उभ्या ओळीत गाणी, आडव्या ओळीत ऐकणारे. ज्याने जे ऐकलं त्या चौकटीत खूण. आता काकूंची आडवी ओळ घ्यायची आणि तिच्याशी जुळणाऱ्या ओळी शोधायच्या. त्या जुळणाऱ्या लोकांनी ऐकलेलं पण काकूंनी न ऐकलेलं जे असेल, ते पुढे करायचं. किराणा दुकानदार गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे पाहून "पोहे घेतले, शेंगदाणे नाही का घेत?" म्हणतो, तसाच हा हिशेब. दुकानदाराला पोह्यांची चव माहीत असावी लागत नाही, कशासोबत काय खपतं एवढं माहीत असलं की पुरे. स्पॉटिफायने जुलै 2015मध्ये दर सोमवारी तीस अनोळखी गाण्यांची यादी द्यायला सुरुवात केली, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. जे गाणं पुष्कळांनी ऐकलंय तेच पुन्हा पुन्हा पुढे येतं, कारण खुणा तिथेच जास्त. आणि जे गाणं कोणीच ऐकलेलं नाही, मग ते काल आलेलं असो की सेलू तालुक्यातल्या भजन मंडळाचं असो, त्याच्या उभ्या ओळीत खूणच नसल्यामुळे ते कोणालाच सुचवलं जात नाही. ही अडचण सोडवायला यंत्राला प्रत्यक्ष आवाज 'ऐकवतात'. गाण्याचं चित्र काढतात, कोणत्या क्षणाला कोणते सूर किती जोरात आहेत याचं, आणि त्या चित्रांमधली साम्यं यंत्र शोधतं. लय, वाद्यांचा पोत, आवाजाची जात एवढं त्याला बरंच समजतं. पण काकूंना 'शुक्रतारा'मध्ये अरुण दातेंचा बोलल्यासारखा आवाज आवडतो, की पाडगावकरांचे शब्द, की खळ्यांची वळणं घेत उतरणारी चाल? हे त्या चित्रात नाही. ते फक्त काकू सांगू शकतात. त्यांना तसं कोणी विचारलेलंच नसतं.

म्हणून मी विचारलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "चाल. ते सरळ नाही जात. जाईन जाईन वाटते, अन् वळते."

ही खरी सुरुवात. आवडलेलं एक गाणं घ्यायचं, एकच. ते लागोपाठ तीनदा ऐकायचं : एकदा नुसतं, एकदा शब्दांकडे कान देऊन, एकदा शब्द सोडून मागच्या वाद्यांकडे. नेमकं कुठे अंग शहारतं ते पकडायचं. आवाजामुळे शहारत असेल तर गायकाचा माग काढायचा, चालीमुळे असेल तर संगीतकाराचा, शब्दांमुळे असेल तर कवीचा. आणि कडव्यांच्या मधल्या बासरी-व्हायोलिनच्या तुकड्यावर जीव असेल तर संगीत संयोजकाचा. हा माणूस नेहमी विसरला जातो. अनिल मोहिले यांच्यासारख्या संयोजकांनी किती गाण्यांना अंगरखा शिवला, हे ऐकणाऱ्याला माहीतच नसतं.

'शुक्रतारा'चे मानकरी असे : शब्द मंगेश पाडगावकरांचे, संगीत श्रीनिवास खळ्यांचं, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. एका गाण्यातून चार वाटा निघाल्या. फोन काकूंना फक्त दातेंच्या वाटेने फिरवत होता, कारण त्याच्या लेखी गाण्याचा मालक म्हणजे गायक. दातेंच्या वाटेने गेलं की यशवंत देवांच्या चाली भेटतात. त्या सुरेख आहेत, पण त्यांचा स्वभाव वेगळा. शब्द आधी नीट ऐकू यावा, अशी त्यांची मांडणी. काकूंना हवं होतं ते वळण मात्र खळ्यांचं. मग खळ्यांच्या वाटेने गेलो. लता मंगेशकरांनी गायलेले 'अभंग तुकयाचे' निघाले. पुढे भीमसेन जोशी आणि लताबाई एकत्र असलेलं हिंदी 'राम श्याम गुणगान' निघालं, तेही खळ्यांचंच. काकूंनी भीमसेन जोशींना आजवर 'ते मोठ्याने गातात ते' म्हणून बाजूला ठेवलं होतं. त्या संध्याकाळी त्या तासभर हलल्या नाहीत. भावगीतातून शास्त्रीयाच्या उंबऱ्यापर्यंत त्यांना खळे घेऊन गेले. फोनला जमलं नसतं, असं मी म्हणणार नाही. पण त्याला जायचं कुठे हेच ठाऊक नव्हतं.

ही नावं शोधायची कुठे, हा पुढचा प्रश्न. कॅसेटच्या डबीतल्या घडीच्या कागदावर ती छापलेली असायची. ॲपमध्ये गाण्याच्या नावाशेजारी तीन टिंबं असतात, ती दाबली की एका यादीत कुठेतरी 'क्रेडिट्स' सापडतं. बरेचदा तिथे नावं अपुरी असतात, कवीचं तर हमखास गाळलेलं. मराठी गाण्यांसाठी 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ माझ्या मते सगळ्यात भरवशाचं. शब्दांसोबत गीतकार, संगीतकार, गायक, चित्रपट किंवा नाटक, आणि पुष्कळ ठिकाणी रागही दिलेला असतो. कोणत्याही नावावर बोट ठेवलं की त्या माणसाची सगळी गाणी समोर. 'त्याच संगीतकाराचं' देणारा माझा जुना दुकानदार मला तिथे पुन्हा भेटला.

आणि रेडिओ. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 16 जुलै 1948 रोजी सुरू झालं. आमच्या घरी त्याचं बटण फारसं कोणी फिरवलंच नाही. रेडिओवरची निवेदिका गाण्याआधी तीन नावं सांगते, गीत कोणाचं, संगीत कोणाचं, स्वर कोणाचा. हा शिष्टाचार ॲपला कधी शिकता आला नाही. शिवाय पुढचं गाणं काय हे आपल्या हातात नसतं, आणि त्यातच मौज आहे. शास्त्रीय संगीताचा नाद लागायला लागला असेल तर 'आकाशवाणी रागम' ही चोवीस तासांची वाहिनी जानेवारी 2016पासून आहे. आकाशवाणीच्या 'न्यूज ऑन एअर' ॲपवर ती फुकट मिळते. सकाळी सकाळचे राग लागतात, संध्याकाळी संध्याकाळचे. महिनाभर स्वयंपाक करताना नुसती चालू ठेवली, तरी कान आपोआप निवड करायला लागतो.

विदर्भातल्या माणसासाठी आणखी एक माग सांगतो, तो घरचा आहे. सुरेश भटांचा जन्म अमरावतीचा, 1932चा. ते गेले 2003मध्ये, नागपुरात. त्यांची गझल हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आणि लता-आशांच्या आवाजात आपल्यापर्यंत आली, तेव्हा ती गाणं होऊन आली. तीच गझल भीमराव पांचाळ्यांकडून ऐका. एकेक शेर थांबून थांबून येतो, ओळ पुन्हा म्हटली जाते, दुसऱ्या ओळीची वाट पाहायला लावली जाते. पाच मिनिटांचं गाणं पंधरा मिनिटांची बैठक होतं. ज्याला भटांचे शब्द आवडतात त्याची भूक गाण्याने पुरी होत नाही, त्याला ही बैठक हवी असते. आणि त्याला ते कुठलंही ॲप आपणहून सांगत नाही, कारण तक्त्यात या दोन गोष्टी फार लांब बसतात. एक 'मराठी चित्रपट-भावगीत', दुसरी 'गझल'.

आता शोधण्याच्या पेटीत लिहायचं कसं? हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात जास्त गाडी इथेच अडते. मराठी नावांचं रोमन लिपीतलं लेखन जो तो आपल्या मनाने करतो. 'खंजिरी' शब्दाचीच चार स्पेलिंगं मी पाहिलीत, 'पांचाळे'ची तीन. म्हणून आधी देवनागरीत लिहून पाहावं, मग रोमनमध्ये, मग ऱ्हस्व-दीर्घाच्या जागा बदलून. गाण्याच्या पहिल्या ओळीने सापडलं नाही तर ध्रुपदाच्या दुसऱ्या ओळीने शोधावं. भजनं तर बहुतेक वेळा गावाच्या आणि मंडळाच्या नावाने चढवलेली असतात. गाणं कुठेतरी वाजतंय आणि नाव माहीत नाही, तर शझाम नावाचं ॲप वापरावं. ते गाण्यातल्या ठळक सुरांच्या ठिपक्यांचा एक नकाशा करतं आणि साठवलेल्या नकाशांशी ताडून पाहतं. नकाशा एका ठरावीक ध्वनिमुद्रणाचा असतो, म्हणून लग्नातल्या बँडने वाजवलेलं तेच गाणं त्याला ओळखू येत नाही. त्यासाठी ऑक्टोबर 2020पासून गूगलवर गुणगुणून शोधता येतं. चाल डोक्यात आहे आणि शब्द एकही आठवत नाही, अशा वेळी लाज सोडून दहा-पंधरा सेकंद गुणगुणावं. माझ्या बेसूर आवाजावरही त्याने दोनदा बरोबर गाणं दिलंय.

फोनला वळण लावणंही हातात असतं. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' असं धरतात. त्याआधी पुढे ढकललं तर नावडल्याची नोंद मनातल्या मनात होते. म्हणून नावडतं गाणं शिष्टाचार म्हणून पुरं ऐकू नये, लगेच पुढे ढकलावं. आवडलेल्याला खूण करावी. आणि लग्नसराईत फोन भाच्याच्या हाती दिला असेल तर 'खासगी सत्र' चालू करून द्यावा, नाहीतर पुढचे दोन महिने तुमच्या भजनांत डीजे मिसळतो. यूट्यूबवर पाहण्याचा इतिहास थांबवता येतो, नको ती नोंद पुसताही येते. एवढं केलं तरी एक लक्षात ठेवावं : सुचवलेलं सगळंच तुमच्या आवडीवरून आलेलं नसतं. काही ठिकाणी कंपन्या कमी मानधन पत्करून आपलं गाणं शिफारशीत पुढे सरकवून घेतात. दुकानाच्या दर्शनी फळीवर माल मांडायचे पैसे लागतात, तसंच हे.

सापडलं. आता घ्यायचं की नाही?

घेण्याआधी मूळ मुद्रण आहे का, ते बघावं. यात मी एकदा चांगला फसलोय. कॉलेजात असताना एक कॅसेट घेतली. वर माझ्या आवडत्या गायिकेचा हसरा फोटो, आत सगळी आवडती गाणी. घरी लावली तर आवाज तिसऱ्याच कोणाचा. डबीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत गायिकेचं खरं नाव छापलेलं होतं. दुकानदार म्हणाला, वाचून घ्यायचं न. कायद्यातल्या एका वाटेने अशा 'व्हर्जन' कॅसेटी तेव्हा उदंड निघायच्या. 2012च्या दुरुस्तीने त्यावर बंधनं आली, मूळ मुद्रणानंतर पाच वर्षं थांबण्याचंही त्यात आहे. आता फोटोची फसवणूक कमी झाली, पण 'रिक्रिएटेड', 'लोफाय', 'अनप्लग्ड' या नावांनी मूळ गाण्याच्या सावल्या शोधात सर्वात वर येतात. ओळखायची खूण तळाशी असते : वर्तुळातल्या 'पी'पुढचं साल आणि कंपनीचं नाव. त्यातही मेख आहे. जुनी ध्वनिमुद्रिका 2008 साली संगणकावर आली असेल तर ॲप बेधडक 2008 लिहितं. साल जुळलं नाही म्हणून घाबरू नये. पहिली वीस सेकंदं ऐकावीत, जुन्या मुद्रणाची खोली कान ओळखतो.

'घेणं' या शब्दाचा अर्थ बदलून गेलाय, तो एकदा हिशेबाने पाहू. ॲपचे महिन्याचे पैसे भरतो तेव्हा आपण एकही गाणं विकत घेत नसतो, वाचनालयाची वर्गणी भरत असतो. वर्गणी थांबली की पुस्तक परत. आणि तो पैसा आपल्या आवडत्या गायकाकडे थेट जातो, असंही नाही. बहुतेक ठिकाणी सगळ्यांचे पैसे एका हौदात पडतात. कंपनी साधारण तिसरा हिस्सा ठेवते, उरलेले एकूण किती वेळा काय वाजलं त्या प्रमाणात वाटले जातात.

समजा, ऐकणारे 100 जण आहेत आणि प्रत्येकाने 100 रुपये भरले. दहा हजारांतले साधारण 6,700 हौदात उरले. त्यातल्या 99 जणांनी महिन्यात एकच नाचाचं गाणं हजार-हजार वेळा वाजवलं, आणि शंभराव्या तुम्ही एका गझल गायकाची गाणी शंभर वेळा ऐकलीत. तुमच्या वाट्याचे 67 रुपये त्या गायकाला मिळायला हवेत ना? त्याला मिळतात पावणेसात. बाकीचे साठ रुपये तुम्ही कधीही न ऐकलेल्या नाचाच्या गाण्याला गेले. शिवाय ही रक्कम आधी कंपनीकडे जाते, मग करारानुसार झिरपत कलावंताकडे. आणि 2024पासून स्पॉटिफायवर जे गाणं बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं जात नाही, त्याला काहीच मिळत नाही. म्हणजे गावातल्या होतकरू गायकाचं गाणं तुम्ही तीनशे वेळा ऐकलंत, तरी त्याच्या हातात एक रुपया पडणार नाही.

हे कळल्यावर मी ॲप बंद केलं नाही. चाखायला ते उत्तमच. पण चाखून झाल्यावर जे पुन्हा पुन्हा लावावंसं वाटतं, ते विकत घेतो. माझी कसोटी सोपी आहे : पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा आपणहून आठवण झाली, तर घ्यायचं. फाइल विकत घ्यायची तर आयट्यून्स स्टोअर भारतात 2012पासून आहे. स्वतंत्र कलावंतांसाठी बँडकॅम्प चांगलं. ते डिजिटल विक्रीवर 15 टक्के ठेवतं, पैसे चुकते करण्याचा खर्च थोडा वेगळा. म्हणजे 150 रुपयांच्या अल्बमातले 120च्या आसपास कलावंताला. हौदातल्या पावणेसात रुपयांशी ताडून पाहा. एक अडचण आपल्याकडे येते. 2020पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करावे लागतात, आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करावेत.

फाइलच्या प्रकारांचा फार बाऊ करू नये. 320 केबीपीएसच्या एमपी3ला मिनिटाला सुमारे अडीच एमबी जागा लागते, पाच मिनिटांच्या गाण्याला बारा. सीडीच्या दर्जाचं तेच गाणं पन्नास एमबी. 'फ्लॅक' नावाच्या प्रकारात ते काहीही न गमावता जवळपास निम्म्यात बसतं. प्रवासात स्वस्त इअरफोनवर ऐकायचं असेल तर एमपी3त काही कमी नाही. पण जपून ठेवायला फ्लॅक घ्यावं, कारण त्यातून एमपी3 केव्हाही करता येतो, उलटं होत नाही. आणि दोन ठिकाणी ठेवावं. माझी एक हार्ड डिस्क गेली तेव्हा कुमार गंधर्वांची अर्धी निर्गुणी भजनं सोबत घेऊन गेली.

ज्यांना हे सगळं झंझट वाटतं अशा वडीलधाऱ्यांसाठी सारेगामाने 2017मध्ये 'कारवाँ' काढला, गाणी आधीच भरलेला रेडिओसारखा डबा. मराठी गाण्यांचाही निघाला. शोधायला त्याचा उपयोग नाही, कारण आत फक्त एका कंपनीच्या मालकीची गाणी. पण ज्याला बटण दाबून ऐकायचं आहे त्याला भेट द्यायला ठीक. जुन्या तबकड्या हा मात्र शौक आहे, काटकसर नव्हे. घेताना तबकडी उजेडात तिरपी धरून चरे पाहावेत, सपाट काचेवर ठेवून वाकलीय का बघावं. 78च्या लाखेच्या तबकडीला वेगळी, जाड सुई लागते. एलपीची सुई तिच्यावर टेकवली तर आवाज कमी आणि खरखर जास्त. नुसतं ऐकायचं असेल तर इंटरनेट अर्काइव्हवर कितीतरी 78 ऐकायला आहेत. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षांनी संपतो. कवी आणि संगीतकाराचा मात्र त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. म्हणजे तबकडी मोकळी आणि तिच्यावरचे शब्द अजून बांधलेले, असा मजेशीर प्रकार होतो.

वर्ध्याच्या माणसाला मी तरी सांगेन की नागपूर पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे, तिथे कधीतरी समोर बसून ऐका. कार्यक्रमानंतर कलावंताच्या टेबलावर सीडी किंवा पेनड्राइव्ह असेल, तो घ्या. मधले सगळे हिस्सेकरी तिथे गळतात. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या दुकानांतून चालताना भीमगीतांचा बाजारही दिसतो. वामनदादा कर्डकांच्या नावाने सुरुवात करा. त्यांच्या रचना किती गायकांनी किती तऱ्हांनी गायल्या आहेत, हे त्या एका रस्त्यावरच कानावर पडतं. तिथला विक्रेता अजूनही 'त्यांचंच दुसरं' काढून देतो.

काकूंचं मात्र वेगळंच झालं. खळे झाले, भीमसेन झाले, मग एका रात्री त्यांना राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं लागली. महाराजांच्या खंजिरीचा ठेका आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहे. 1942ला आष्टीत लोक उठले तेव्हा त्यांच्या भजनांनी लोक कसे पेटले होते, ते आमचे म्हातारे अजून सांगतात. यूट्यूबवर एका मंडळाने फोन खांबाला बांधून केलेलं मुद्रण होतं. पाहणारे मोजून एकशे चाळीस. तीन टिंबांखाली काही नव्हतं, ना गायकाचं नाव ना वादकाचं. काकूंना गाणं नाही, खंजिरी आवडली होती. माझ्याकडून त्यांनी खाली लिहून घेतलं, "खंजिरी कोण वाजवते?" तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. नाव होतं, गाव होतं, आणि पुढे, "दर गुरुवारी रात्री नऊला असते. या न मावशी."

पुढच्या गुरुवारी आम्ही गेलो. खंजिरीवाला पोरगा वीस-बावीसचा, दिवसा जिनिंगमध्ये कामाला. भजन संपल्यावर ताट फिरलं तेव्हा काकूंनी पदराच्या गाठीतून एकशे एक रुपये काढून त्यात ठेवले, आणि त्याला विचारलं, "हे तुले शिकवलं कोणं?" त्याने एक नाव सांगितलं. काकूंनी ते माझ्या फोनमध्ये नाही, आपल्या वहीत लिहून घेतलं.